नव्या त्रैमासिकात कविता-संपादकाची ओळख: काय छापायचं, काय गाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चाळीसगावात तुम्ही चार-पाच मित्र मिळून पाडव्यापासून एक वाङ्मयीन त्रैमासिक काढताय, कविता विभाग एका शिक्षिका-कवयित्रींकडे सोपवलाय, आणि पहिल्या अंकात त्यांची ओळख करून देणारं एक पान हवंय. सोबत ड्राफ्ट पाठवलात ते बरं केलंत. वाचला. मोठा फोटो, जन्मगाव, शिक्षण, दोन संग्रह, पुरस्कारांची यादी, संमेलनांतला सहभाग, आणि शेवटी "संवेदनशील मनाच्या या हळव्या कवयित्रीच्या परीसस्पर्शाने आमचा कविता विभाग उजळून निघेल यात शंका नाही".

मी बरीच वर्षं कविता विभाग बघतेय, दिवाळी अंकांचेही आणि एका त्रैमासिकाचाही, तर स्पष्टच सांगते. हे पान बाईंच्या सत्काराला निवेदकाच्या हातात द्यायला चांगलंय, अंकात नको. त्यात सगळं आहे, फक्त त्या संपादक म्हणून काय करणार तेवढं नाही. कवयित्रीची ओळख झाली, संपादकाची राहिली.

हे पान वाचणार कोण ते आधी बघा. वर्गणीदार चाळून पुढे जाईल. बाईंचे नातेवाईक आणि शाळेतले लोक फोटो काढून स्टेटसला ठेवतील, ठेवू देत. पण ओळ न ओळ वाचणारा माणूस एकच, ज्याच्याकडे कविता आहेत आणि ज्याला ठरवायचंय की इथे पाठवू का नको. तो पारोळ्याचा कुणी कॉलेजातला पोरगा असेल, पुण्यात आयटीत काम करणारी कुणी असेल, नाहीतर रिटायर झालेले तलाठी असतील. पुरस्कारांची यादी वाचून त्याला काही कळत नाही, उलट बिचारा दबतो. त्याला हवं असतं ते वेगळंच, की या बाईंना वृत्तातलं चालतं का, गझल घेतात का, अहिराणीत लिहिलेलं वाचतील का, नाही आवडलं तर निदान कळवतील का, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुठे पाठवत असेल तर हसणार तर नाहीत ना.

खरं तर तुमच्या खानदेशाला यात कुणी शिकवायची गरज नाही. नुसत्या कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' नारायण नरसिंह फडणीसांनी 1887 मध्ये जळगावातून सुरू केलं ते 1935 पर्यंत चाललं, आणि पुढे 1985 पासून पुरुषोत्तम पाटलांनी धुळ्यातून 'कवितारती' चालवलं, तेही कवितेचंच. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की अजूनही आश्चर्य वाटतं, असो. मुद्दा असा की या मासिकांचे दोन-तीन अंक वाचले की संपादकाची आवड आपोआप कळायची, वेगळं पान लागायचं नाही. तुमच्याकडे मागचे अंकच नाहीत. कवीला "आधी आमचा अंक वाचा, मग पाठवा" असं तुम्ही सांगूच शकत नाही. त्यामुळे जे काम एरवी मागचे चार अंक करतात ते तुमच्या या एका पानाला करायचंय. एवढं डोक्यात ठेवलंत तर काय ठेवायचं आणि काय काढायचं ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागेल.

पुरस्कारांचं म्हणाल तर एक वाक्य पुरे, तेही वाटलंच तर. दोन संग्रहांची नावं, प्रकाशक आणि सालं मात्र नक्की द्या, कारण ज्याला खरंच उत्सुकता आहे तो शोधून वाचेल.

मग आवड दाखवायची कशी? सगळ्यात सोपा उपाय, जो फार कमी लोक करतात तो असा, की बाईंना विचारा, अलीकडे वाचलेल्या कोणत्या पाच कविता आपल्या अंकात आल्या असत्या तर तुम्हाला आनंद झाला असता? दुसऱ्यांच्या कविता, स्वतःच्या नाही. कवीचं नाव, संग्रहाचं नाव आणि प्रत्येकीबद्दल "का" ते दोन ओळींत. बस्स. कवीला यावरून जे कळतं ते शंभर विशेषणांतून कळत नाही. पाचही कविता शाळेच्या पाठ्यपुस्तकातल्या निघाल्या तर मात्र बाईंशी जरा बोला. आणि पाचांतल्या निदान दोन अशा हव्यात की ज्या एकमेकींशेजारी बसवल्या तर भांडतील, म्हणजे एक बांधीव गझल आणि एक जवळजवळ गद्यासारखी, त्यातून बाईंचा आवाका दिसतो. फक्त उल्लेख करायला काही लागत नाही, पण पूर्ण कविता छापायची झाली तर कवीची किंवा वारसांची परवानगी घ्या. आपल्याकडे कवी गेल्यानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. मर्ढेकर 1956 मध्ये गेले, त्यांच्या हयातीत छापून आलेल्या कविता आता कुणालाही छापता येतात, पण कोलटकर 2004 मध्ये गेले, त्यांची कविता परवानगीशिवाय घेता येणार नाही. फेसबुकवर सगळीकडे फिरतेय म्हणून ती फुकट झाली असं समजू नका.

त्या पानावर बाईंची स्वतःची कविता टाकायचा मोह होईल, टाकू नका. यात नम्रतेचा वगैरे प्रश्न नाही. कवी हुशार असतात हो, संपादकाची कविता दिसली की पुढच्या तीन महिन्यांत तशाच कवितांचा ढीग येतो, तेच शब्द, तसाच शेवट, आणि बाईंना स्वतःच्याच नकला वाचत बसावं लागतं.

लिहायचं कोणी? बाईंनी स्वतः लिहिलं तर "मी एक साधी शिक्षिका, शब्दांवर प्रेम करणारी" असं काहीतरी होणार, आणि तुम्ही लिहिलंत की काय होतं ते ड्राफ्टमध्ये दिसलंच. त्यापेक्षा तासभर त्यांच्यासमोर बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि जरा अडचणीचे प्रश्न विचारा. कवितेत काय दिसलं की तुम्ही पुढे वाचायचं थांबवता? अलीकडे अशी कुठली कविता वाचली जी आवडली नाही पण डोक्यातून जात नाहीये? यमक ओढून आणलंय हे तुम्हाला कुठे कळतं? शेतकरी आत्महत्येवरच्या कविता येणार, आपल्या भागातून तर फारच येणार, विषय खरा आहे आणि दुःख खरं आहे पण कविता उभी राहिलेली नाही असं झालं तर काय करणार? या शेवटच्या प्रश्नाला त्या जर थांबल्या, विचारात पडल्या, एक वाक्य बोलून परत बदललं, तर ते सगळं तसंच उतरवून घ्या. अशा ठिकाणी माणूस पाठ केलेलं बोलत नाही. "कवितेत भावना हवी" असल्या उत्तरांचा काही उपयोग नाही, ते सगळेच म्हणतात.

पान साधारण असं व्हावं (तपशील त्यांना विचारून बदला, मी अंदाजाने लिहितेय):

"आमच्या अंकातल्या कविता अमुक अमुक निवडतील. त्या शाळेत मराठी शिकवतात, त्यांचे दोन संग्रह प्रसिद्ध आहेत. आलेली प्रत्येक कविता त्या स्वतः वाचतात. छोटी कविता त्यांना आवडते, लांब कवितेला त्या घाबरत नाहीत. वृत्तातलं जरूर पाठवा, पण मात्रा भरायला शब्द कोंबले असतील तर कविता परत येईल. गझलेचं तंत्र त्या तपासतात, आणि तंत्र बिनचूक असूनही शेरात जीव नसेल तर तसं कळवतात. अहिराणी, तावडी, लेवा गणबोली, भिली, गोरमाटी यांतल्या कविता हव्यात, अवघड शब्दांचे अर्थ खाली द्या, कविता प्रमाण मराठीत करून पाठवू नका. जयंती, सण आणि दिनविशेषावरच्या कविता आम्ही घेणार नाही. त्यांच्या स्वतःच्या कविता या अंकात छापल्या जाणार नाहीत."

कौतुकाचा एक शब्द नाही बघा यात, तरी वाचणाऱ्याला बाईंबद्दल आदर वाटेल. आणि "घेणार नाही" वाली वाक्यं काढून टाकायचा आग्रह तुमच्यातलं कुणीतरी धरेल, कशाला लोकांना आधीच नाराज करायचं म्हणून, त्यांचं ऐकू नका. तीच वाक्यं वाचून कवीला खात्री पटते की इथे कुणीतरी खरंच वाचणार आहे.

आता पुढे ज्यावरून हमखास वाजतं तो भाग, शेवटचा शब्द कोणाचा. हे तुमच्या ड्राफ्टमध्ये तर नाहीच पण तुमच्या पत्रावरून वाटतंय की आपापसातही बोलून झालेलं नाही.

यात एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. शिकागोतलं 'पोएट्री' मासिक हॅरिएट मन्रो यांनी 1912 मध्ये काढलं. आपलं दार सगळ्या तऱ्हेच्या कवितेला उघडं आहे, कुठल्या एका पंथाला आपण बांधलेलो नाही, हे त्यांनी दुसऱ्याच अंकात लिहून टाकलं. कवी एझ्रा पाउंड त्यांचा परदेशातला प्रतिनिधी, लंडनहून कविता गोळा करून पाठवायचा. 1914 च्या ऑक्टोबरात त्याने टी. एस. एलियट या कवीची 'प्रुफ्रॉक' ही कविता पाठवली, मन्रोबाईंना ती पटेना, पाउंड पत्रांवर पत्रं लिहून भांडत राहिला, आणि शेवटी ती छापून आली 1915 च्या जूनमध्ये. एवढी गाजलेली कविता, तिला इतके महिने थांबावं लागलं. पण दोघांनाही आपापली जागा माहीत होती, तो सुचवणारा आणि बाई ठरवणाऱ्या, म्हणून भांडण होऊनसुद्धा मासिक चाललं.

तुमच्याकडे एलियट येवो न येवो, संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याची कविता नक्की येणार. जाहिरात देणाऱ्या पतसंस्थेच्या चेअरमनसाहेबांचीही येणार, त्यांनी निवडणुकीच्या काळात लिहिलेली. त्या वेळी बाई "नको" म्हणाल्या तर ते नको टिकणार का? टिकणार असेल तर पानावर स्वच्छ लिहा, "कवितांची निवड यांची आणि ती अंतिम". टिकणार नसेल तर त्यांना कविता-संपादक म्हणू नका, सल्लागार म्हणा, त्यातही कमीपणा नाही. पण नाव संपादकाचं आणि अधिकार सल्लागाराचा हे करू नका, कारण परत आलेल्या कवितेची शिवी त्यांना बसते आणि छापून आलेल्या वाईट कवितेचीही त्यांनाच. चेअरमनसाहेबांची कविता त्यांच्या जाहिरातीच्या पानावर चौकटीत छापा, तेही खूश, बाईही खूश.

मित्रांच्या कवितांचं काय, असं तुम्ही विचारलंय. आपण आपल्यांचंच छापणं यात मुळातच वाईट काही नाही. 1954 मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' काढलं, सायक्लोस्टाइल करून, ते आपापली आणि आपल्या वर्तुळातली कविता पुढे यावी म्हणूनच, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. ज्याला आवडलं त्याने वाचलं. तुमची गोष्ट वेगळी आहे, तुम्ही वर्गणी घेताय आणि "कविता पाठवा" म्हणून जाहीर आवाहन करताय. आवाहन केलं की अनोळखी माणसाचा हक्क तयार होतो. म्हणून "स्वतःच्या कविता छापणार नाही" हे वाक्य मी वर घातलं, आणि जमलं तर आणखी एक घाला, की मंडळातल्या सदस्यांच्या कविता आल्या तर त्या नाव झाकून वाचल्या जातील. तालुक्याच्या गावात नाव झाकून फारसं काही झाकलं जात नाही, अक्षर आणि ढंग सगळ्यांना ओळखू येतो, पण निदान तुम्ही प्रयत्न करताय हे दिसतं.

आवड उघड सांगायला लोक का घाबरतात मला खरंच कळत नाही. 'सत्यकथा' या वाङ्मयीन मासिकावरचा राग आठवा. त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे, एकेका हस्तलिखितावर मेहनत घ्यायचे, आणि तरीही 1969 मध्ये लघुअनियतकालिकांतल्या (म्हणजे स्वतःच काढलेल्या, ठरलेल्या वेळेचं बंधन नसलेल्या छोट्या अंकांतल्या) तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली. बाहेर राहिलेल्यांची तक्रार होती की एकाच अभिरुचीच्या मापाने सगळं मोजलं जातंय. माझ्या मते दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. संपादकाला अभिरुची असणारच, नसेल तर त्याची गरज काय, पण ती "दर्जा" या शब्दामागे लपवली की लोक चिडतात. "बाईंना हे आवडतं, हे आवडत नाही" असं नावानिशी सांगितलं की ज्याला पटत नाही तो दुसरीकडे पाठवतो, किंवा स्वतःचं मासिक काढतो, जे मराठी साहित्यासाठी आणखी चांगलं.

कवितेत बदल करणार का हेही त्या पानावर यायला हवं. माझं म्हणणं, सुचवा, पण कवीने हो म्हटल्याशिवाय एक स्वल्पविरामही हलवू नका. कॉपीराइट कायद्याच्या 57 व्या कलमात लेखकाला आपल्या लेखनाची मोडतोड रोखायचा हक्क आहे, पण कायदा सोडा, साधी रीत म्हणून. शाळेत शिकवणाऱ्यांचा हात आपोआप शुद्धलेखनाकडे जातो (मीही शिकवलंय त्यामुळे माहितेय), आणि बोलीतल्या कवितेत तो हात फार नुकसान करतो. बहिणाबाईंच्या कविता 1952 मध्ये पुस्तकात आल्या त्या त्यांच्या बोलीतच आल्या, कुणी ऱ्हस्वदीर्घ आणि क्रियापदं "नीट" करत बसलं असतं तर हाती काय उरलं असतं? अहिराणीचं लेखन तर गावागणिक वेगळं, तेव्हा कवीने लिहिलंय तेच प्रमाण, असं ठरवून टाका.

बाकीचं पटापट सांगते. उत्तर किती दिवसांत ते लिहा, आणि झेपेल त्याच्या दुप्पट मुदत द्या. एका वेळी किती कविता पाठवायच्या तो आकडा द्या, नाहीतर लोक अख्खा संग्रह पीडीएफ करून पाठवतात. युनिकोडमध्येच मागवा, जुन्या श्रीलिपी वगैरे फॉन्टमधून कन्व्हर्ट करताना रफार आणि जोडाक्षरं कुठल्या कुठे जातात, आणि कवितेत एक अक्षर गेलं तरी गेलं. व्हॉट्सॲपवर कविता घ्यायची की नाही ते बाईंना विचारा, मी तरी घेत नाही, ओळी तुटतात, शिवाय रात्री साडेअकराला "मॅडम वाचली का" सुरू होतं. बाईंचा पर्सनल नंबर कुठल्याही परिस्थितीत छापू नका, त्रैमासिकाचा वेगळा ईमेल काढा. फेसबुकवर आधी टाकलेली कविता चालते का ते सांगा. मानधन देणार नसाल तर तसं स्पष्ट लिहा, निदान अंकाची प्रत पाठवा. फोटो छोटा चालेल, हातात पेन आणि हनुवटीवर बोट असा नको.

श्रेयनामावलीबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण तिथे लोक नावं कशीही टाकतात. त्रैमासिकाची नोंदणी करणार असाल तर (नियतकालिकांच्या नोंदणीचा 1867 चा जुना कायदा जाऊन 2023 चा नवा आलाय, 1 मार्च 2024 पासून लागू आहे) संपादक म्हणून ज्यांचं नाव नोंदवाल त्यांच्यावर जबाबदारी येते. बाईंचं नाव "कवितांची निवड" अशा वेगळ्या ओळीत द्या, मुख्य संपादकाच्या शेजारी नुसतं "संपादक" म्हणून टाकू नका. हे उगीच घाबरवायला सांगत नाहीये. 1994 मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या एका बुलेटिनमध्ये वसंत दत्तात्रय गुर्जर यांची गांधींवरची कविता छापली गेली, तर अश्लीलतेचा खटला कवीवर, छापणाऱ्यावर आणि प्रकाशक-संपादकावर, सगळ्यांवर झाला. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 2015 मध्ये. पुढच्याच अंकात माफी छापली होती म्हणून संपादक सुटले, मुद्रकही सुटले, कवीवरचा खटला मात्र राहिला. म्हणजे वीसेक वर्षं. अशी कविता उद्या तुमच्याकडे आली तर बाई एकट्या ठरवणार नाहीत, मुख्य संपादक आणि बाई मिळून वाचतील आणि छापली तर दोघं पाठीशी राहतील, हे आत्ताच आपापसात बोलून ठेवा. "मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही" ही ओळ खाली छापून हे काम होत नाही. ही बोलणी पानावर छापायची गरज नाही, पण बाईंनी काम स्वीकारायच्या आधी ती व्हायला हवीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण पहिल्या अंकाला लागू होते. आत्ता तुमच्याकडे आपणहून आलेल्या कविता जवळजवळ नसणारच, म्हणजे पहिल्या अंकातल्या सगळ्या बाईंनी ओळखीच्या कवींना फोन करून मागवलेल्या असणार. त्यात काही वावगं नाही, सगळे असंच सुरू करतात. फक्त "या अंकातल्या कविता निमंत्रित आहेत, पुढच्या अंकासाठी कविता अमुक तारखेपर्यंत पाठवा" ही ओळ त्याच पानावर खाली टाका, म्हणजे पारोळ्याच्या त्या पोराला असं वाटणार नाही की दार आधीच बंद झालंय. दुसऱ्या अंकात न मागवता आलेल्या कविता किती घ्यायच्या याचा काही आकडा बाईंच्या डोक्यात असेल तर तोही छापा, पण त्यांना विचारून, तुम्ही परस्पर त्यांच्या वतीने वचन देऊ नका. नवा ड्राफ्ट झाला की पाठवा, मी बघते, पण माझ्याआधी बाईंना दाखवा आणि एवढंच विचारा की यातलं कुठलं वाक्य वर्षभराने तुम्हाला पाळता येणार नाही, ते आत्ताच काढून टाका.